किंमत आराखड्यावरच ठरते

एखादी वस्तू बाजारात स्वस्त मिळू लागली म्हणजे त्या स्वस्ताईचे श्रेय आपण बहुधा यंत्रांना देतो, किंवा कोठे तरी दूरदेशी अल्प मजुरीवर राबणाऱ्या हातांना देतो. आणि ती महाग असली तर कारखानदाराच्या नफेखोरीला, मधल्या दलालांना अथवा सरकारी करांना बोल लावून मोकळे होतो. ह्या कारणांत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु वस्तूच्या उत्पादनखर्चाचा फार मोठा भाग जेथे कायम होतो ते स्थान बाजारपेठेत नसते आणि कारखान्याच्या छपराखालीही नसते. ते आराखडा काढणाऱ्याच्या मेजावर असते, आणि तो कायम होतो तो अशा वेळी, की जेव्हा भट्टी पेटलेली नसते, पत्रा कापलेला नसतो आणि एकाही कामगाराची हजेरी लागलेली नसते. मागाहून व्यवस्थापकाने कितीही काटकसर केली, खरेदी-खात्याने पुरवठादारांशी कितीही घासाघीस केली, तरी आराखड्याने एकदा मंजूर करून ठेवलेला खर्च रद्दबातल करण्याची मुखत्यारी त्यांच्यापैकी कोणाकडेही फारशी उरत नाही.

कागदावर रेघ ओढण्यास काही पडत नाही. पण आराखड्यातली प्रत्येक रेघ हा कोणावर तरी बजावलेला हुकूमच असतो. पंचवीस मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी दांडा हवा आहे अशी कल्पना करा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका फरक चालत असेल तर कोणताही बरा टर्नर साध्या लेथवर तो हसतखेळत काढून देईल. फरक शंभराव्या हिश्शाच्या आत हवा म्हटले की लेथवरून उतरवलेला जॉब ग्राइंडिंग मशीनवर चढवावा लागतो. आणि हजाराव्या हिश्शांची भाषा सुरू झाली की लॅपिंगची हळुवार घासणी, ठराविक तापमानात राखलेली मोजमापाची खोली, नाजूक मापयंत्रे आणि ती वापरणारा अनुभवी तपासनीस इतका सगळा लवाजमा त्या एका दांड्यामागे उभा करावा लागतो. शिवाय मापात न बसलेले दांडे भंगारात जातात, त्यांचीही किंमत चांगल्या दांड्यांनीच भरून द्यावयाची असते. ज्या दांड्यावर बेअरिंग बसवावयाचे आहे तेथे ही काटेकोरी न्याय्यच आहे. पण नवखा अभियंता पुष्कळदा केवळ सवयीने, किंवा पुढे काही बिघडले तर ठपका आपल्यावर नको ह्या धास्तीने, सरसकट सर्व मापांपुढे कडक टॉलरन्स लिहून ठेवतो, आणि ज्या बाजूला कधी कशाचा स्पर्शही होणार नाही ती बाजूसुद्धा आरशासारखी घासून निघते.

असे अजाण हुकूम आराखड्यांत किती दडलेले असतात हे यंत्रावर उभ्या असणाऱ्या माणसालाच ठाऊक. ड्रिलचे टोक शंकूच्या आकाराचे असते, म्हणून आरपार न जाणाऱ्या भोकाचा तळही निसर्गतः शंकूसारखाच होतो. तो सपाट हवा असे कागदावर दाखवले की हत्यार बदलून दुसऱ्यांदा काम करणे आले. तिरप्या पृष्ठावर भोक मागितले की ड्रिल घसरते, सबब आधी तेथे सपाट जागा करून घ्यावी लागते. मिलिंगचा कटर स्वतः गोल, तेव्हा धातूच्या ठोकळ्यात कोरलेल्या खोबणीचा आतला कोपरा तो काटकोनात कापणार कसा? कोपऱ्याला थोडी गोलाई दिली की काम मिनिटांत होते, आणि न दिली तर ते विजेच्या ठिणगीने धातू कुरतडणाऱ्या महागड्या यंत्राकडे जाते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत उभे राहिले तर ओतकामाचे कायदे असेच डोळ्यांसमोर दिसतात. पॅटर्न वाळूतून वर उचलताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवावाच लागतो. एक भिंत जाड आणि शेजारची पातळ असली तर पातळ भाग आधी थिजतो, जाड भागातील रस मागाहून आकसतो, आणि त्याला पुरवणी करण्यास कोठूनही रस न मिळाल्याने आत पोकळी राहते. पोकळ आकार हवा असला तर वाळूचा वेगळा कोअर करून साच्यात बसवावा लागतो, म्हणजे आणखी एक माणूस, आणखी एक पेटी आणि चुकीला आणखी एक वाव. आराखडा काढणाऱ्याने हे कायदे जाणून आकार योजला तर ओतारी त्याला दुवा देतो. न जाणता योजला तर त्याच्या अज्ञानाचा दंड प्रत्येक नगामागे, वर्षानुवर्षे, मुकाट भरला जातो.

तथापि एखादा भाग सुलभ रीतीने घडवणे ही ह्या विद्येची केवळ पहिली पायरी होय. तो भाग मुळात असावा काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. काही पैशांचा एक स्क्रू म्हणजे केवळ काही पैसे नव्हेत. त्याचा आराखडा, त्याचा क्रमांक, त्याची खरेदी, भांडारातील त्याचा कप्पा, आवक तपासणी, तो संपला तर पुरवठादाराला लावावयाचा तगादा, तो फिरवणारा हात आणि तो सैल राहिला तर येणारी तक्रार, असे एक संपूर्ण दप्तर त्या स्क्रूबरोबर कारखान्यात दाखल होते. जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट ह्या दोन प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ह्या विषयाला हिशेबी शास्त्राचे रूप दिले, आणि १९९१ साली त्या राष्ट्राचे तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय पदक त्या दोघांना मिळाले. त्यांच्या पद्धतीचा गाभा तीन प्रश्नांत सामावलेला आहे. यंत्र चालू असताना हा भाग शेजारच्या भागाच्या मानाने हलतो काय? तो निराळ्या पदार्थाचाच असणे अपरिहार्य आहे काय? आणि तो वेगळा नसेल तर बाकीची जुळणी अथवा उकल अशक्य होईल काय? तिन्ही प्रश्नांना नकार मिळाला, तर तो भाग शेजाऱ्यात विलीन होण्यास पात्र आहे असे समजावे.

ह्या परीक्षेचा निकाल पाहावयाचा असेल तर दूरचित्रवाणीचा रिमोट उघडून पाहावा. बहुतेक घरांत तो एकदा तरी उघडला गेलेला असतोच. त्यावर तीस-चाळीस बटणे दिसतात, पण आत पाहिले तर ती सर्व मिळून रबराची एकच चादर असते. प्रत्येक बटणाला परत वर उचलणारी वेगळी स्प्रिंग नसते, कारण बटणाभोवतालचे पातळ रबर स्वतःच लवते आणि उसळते. बटणाखाली विद्युत्‌वाहक काळी टिकली असते, ती खालच्या सर्किटवरील पट्ट्यांना टेकली की काम झाले. वरचे आणि खालचे कवच पुष्कळदा प्लास्टिकच्याच लवचीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले असते. सेलच्या झाकणाला वेगळे राहण्याचा हक्क आहे, कारण ते आपल्याला उघडावयाचे असते. सेलच्या टोकांशी असलेल्या धातूच्या स्प्रिंगांनाही तो आहे, कारण प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. बाकी सर्व त्या तीन प्रश्नांपुढे उभे राहू शकलेले नाही.

जुळणीचे काम सोपे करण्याचा एक मासला तर विनोदीच म्हणावा लागेल. आयबीएम कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेला प्रोप्रिंटर नावाचा छपाईयंत्राचा नमुना यंत्रमानवांकडून जुळवून घ्यावयाचा म्हणून मुद्दाम योजला होता. यंत्रमानवाला वाकून, चाचपून, अंदाजाने काही बसवता येत नाही; तेव्हा सर्व भाग वरून खाली सरळ ठेवता यावेत, ते उलटे बसूच नयेत, स्क्रू जवळजवळ नसावेत, अशी दक्षता घेतली गेली. परिणाम असा झाला, की तो नमुना माणसालासुद्धा अवघ्या काही मिनिटांत जुळवता येऊ लागला, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या महागड्या यंत्रमानवांची निकड फारशी उरली नाही.

परंतु शास्त्राला नाव पडण्यापूर्वीही विद्या असतेच, आणि ह्या विद्येचा माझ्या मते सर्वांत देखणा आविष्कार विद्यापीठात झाला नाही. तो झाला एका सुताराच्या हातून, आणि तोही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मायकेल थोनेट हा ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावी १७९६ साली जन्मलेला कारागीर. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात शिजवून, साच्यात वाकवून, चिकटवून खुर्च्या करण्याचे त्याचे प्रयोग ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख ह्याच्या पाहण्यात आले आणि त्याच्याच निमंत्रणावरून १८४२ मध्ये थोनेट व्हिएन्नाला गेला. पण सरसाच्या जोडांचे एक दुखणे होते: दमट हवेत ते टिकत नसत. तेव्हा पट्ट्या चिकटवण्याचा नाद सोडून अखंड लाकडाचा दांडाच वाकवता येईल काय, ह्या विचाराच्या तो मागे लागला.

लाकूड वाफेत मऊ केले तर ते वाकते, हे नावा बांधणारे आणि पिंपे करणारे लोक पूर्वापार जाणत होते. पण जाड दांडा फार वाकवू गेले तर त्याची बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. थोनेटने जे हेरले ते असे, की वाफाळलेले लाकूड दाबले जाणे पुष्कळ सोसते, ताणले जाणे मात्र मुळीच सोसत नाही. म्हणून त्याने दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादाची पट्टी दोन्ही टोकांशी घट्ट आवळून लावली, जेणेकरून वाकवताना बाहेरची बाजू लांब होऊच शकत नाही, आणि सर्व बदल आतील तंतूंच्या दाबले जाण्यात जिरून जातो. १८५६ मध्ये ह्या कृतीचा अधिकार त्याला राजाकडून मिळाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने मोरावियातील कोरिचानी येथे, म्हणजे बीच वृक्षांच्या अरण्याला लागून, कारखाना घातला. लाकूड शहरात वाहून आणण्यापेक्षा कारखानाच लाकडाकडे नेण्याची ही तजवीज आराखड्याइतकीच हिशेबी होती.

तेथून १८५९ साली निघालेली चौदा क्रमांकाची खुर्ची म्हणजे वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. ह्यापलीकडे वेताच्या विणीवाचून तिच्यात काही नाही. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान हा एकच अखंड दांडा, त्याच्या आत बसणारी दुसरी कमान, बैठकीचे वर्तुळ, पुढचे दोन पाय, आणि चारी पायांना खालून बांधून ठेवणारे कडे. जुन्या पद्धतीच्या सुतारकामात खुर्चीच्या प्रत्येक सांध्याला कूस-साल करावे लागे, ते नीट बसवण्यास निष्णात हात लागे, आणि तो हात महाग असे. थोनेटच्या खुर्चीत असे सांधेच जवळजवळ उरले नाहीत. त्यामुळे साच्यावर दांडा वाकवणे, घासणे, रंगवणे, वेत विणणे अशी सुटी सुटी कामे आसपासच्या खेड्यांतील अननुभवी स्त्री-पुरुषांना थोड्या दिवसांत शिकवता आली. शिवाय खुर्ची सुटी करून पाठवता येई. एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्यांचे भाग मावत आणि पोचल्यावर त्या नुसत्या स्क्रूड्रायव्हरने जुळवल्या जात. अखंड खुर्च्या रचल्या तर एवढ्या जागेत मुख्यत्वे हवाच प्रवास करते, आणि जहाजवाला हवेचेही भाडे घेतो, ही साधी गोष्ट आराखडा काढतानाच ध्यानात घेणारा कारखानदार त्या काळी विरळा होता. १९३० पर्यंत ह्या खुर्चीचे सुमारे पाच कोटी नग विकले गेले होते असे सांगतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती ज्या वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या आपण पाहत आलो, त्या ह्याच कुळातल्या. त्या खुर्चीची नजाकत ही मागाहून चढवलेली शोभा नाही; ती करणे सोपे व्हावे म्हणून जे जे टाकून दिले, ते गेल्यावर मागे उरलेले रूप आहे.

फोर्डच्या मोटारीची कथा सर्वश्रुत असल्यामुळे तिच्यातील एकच बाब येथे नोंदवतो. हेन्री फोर्डचे नाव निघाले की लोकांना सरकता पट्टा आठवतो; चॅसिस जुळवण्याला पूर्वी साडेबारा तास लागत ते त्या पट्ट्यामुळे ९३ मिनिटांवर आले, हे खरेच आहे. पण ‘मॉडेल टी’ रस्त्यावर आली १९०८ मध्ये, आणि तो पट्टा सुरू झाला १९१३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत, किंबहुना त्याही आधी, आराखड्याने आपले काम करून ठेवले होते. त्या काळी सिलिंडर एकेकटे किंवा जोडीजोडीने ओतून मग एकत्र बांधण्याची चाल होती. फोर्डच्या इंजिनात चारी सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतले गेले आणि त्यांचे डोके वेगळे काढता येईल असे ठेवले, त्यामुळे ओतकाम सुलभ झाले, आतून यंत्रकाम करणे सुलभ झाले आणि पुढे दुरुस्तीही सुलभ झाली. कोणताही सुटा भाग कोणत्याही मोटारीत कानस न लावता बसावा, इतकी मापांची एकवाक्यता जर आधी साधली नसती, तर पट्टा सरकत राहिला असता आणि फिटर मागे राहिला असता. आरंभी ८५० डॉलरला मिळणारी ती मोटार १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत आली.

आता ह्या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिचे स्तोत्र गाणारे पुष्कळ आहेत आणि तिचा जमाखर्च विचारणारे थोडे. जपानी क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेपुढे स्वित्झर्लंडचा घड्याळधंदा डबघाईस आला असताना, अर्न्स्ट थोमके ह्याच्या हाताखाली एल्मार मॉक आणि जाक म्युलर ह्या अभियंत्यांनी एक प्लास्टिकचे घड्याळ योजले. ते १ मार्च १९८३ रोजी झुरिक येथे ‘स्वॉच’ ह्या नावाने प्रकट झाले. तत्सम घड्याळांत नव्वदांहून अधिक भाग असत, त्या जागी ह्यात ५१ होते. ह्याचे रहस्य असे, की यंत्रणा एका पट्टीवर रचून मग ती पट्टी डबीत बसवण्याऐवजी डबीच्या तळालाच त्यांनी पट्टीचे काम दिले. सर्व भाग वरून एकाच दिशेने ठेवीत जावयाचे आणि शेवटी काच ध्वनिलहरींनी वितळवून कायमची चिकटवून टाकावयाची. गंमत अशी, की ही युक्ती मुळात स्वस्ताईसाठी शोधलेली नव्हती. थोमकेच्याच कंपनीने १९७९ मध्ये दोन मिलिमीटरहूनही पातळ असे चैनीचे घड्याळ केले होते, त्यात जाडी वाचवण्यासाठी ती प्रथम वापरली गेली होती. श्रीमंताच्या मनगटासाठी जे योजले ते विद्यार्थ्याच्या मनगटावर उतरले.

परंतु काच कायमची चिकटवली ह्याचा अर्थ घड्याळजीचा हक्क काढून घेतला. सेल बदलण्यापुरती खिडकी ठेवली होती. त्यापलीकडे बिघाड झाला तर घड्याळ टाकून देणे एवढाच उपाय. स्वॉचच्या बाबतीत हा सौदा उघड होता, आणि त्या किमतीला तो वाजवीही होता असे मी समजतो. पण तीच रीत पुढे शेकडो रुपयांच्या वस्तूंतून हजारो रुपयांच्या वस्तूंत शिरली, आणि आज स्क्रूऐवजी डिंक वापरून जे वाचते ते कारखानदाराच्या खात्यावर जमा होते, तर डिंकाने बंद केलेली वस्तू उघडता न आल्यामुळे जे जाते ते गिऱ्हाइकाच्या खात्यावर खर्ची पडते. रविवार पेठेतला दुरुस्तीवाला “हे उघडत नाही, नवीनच घ्या,” असे म्हणतो तेव्हा तो आळस करीत नसतो. दूर कोठे तरी, काही वर्षांपूर्वी, कोणी तरी आराखड्यावर तसा निवाडा देऊन ठेवलेला असतो.

भाग कमी करूनही मालकाचा हक्क राखता येतो ह्याचे उदाहरण आपल्या अंगणातच उभे होते. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या, इटलीतील पाँतेदेरा येथील पियाजिओ कंपनीच्या विमान-कारखान्याला शांततेच्या काळात करण्याजोगे काही तरी हवे होते. तेव्हा हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोराडीनो दास्कानिओ ह्या अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर योजली. त्याला मोटारसायकली आवडत नसत, आणि ती नावड फार फलदायी ठरली. मोटारसायकलीत आधी नळ्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर बाकीचे अंग चढवतात. दास्कानिओने विमानाच्या कवचाप्रमाणे दाबून आकार दिलेला पत्राच सांगाडा केला. इंजिन मागच्या चाकालाच जोडल्यामुळे साखळी गेली आणि तिचे तेलकट डागही गेले. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरल्यामुळे ते मोटारीच्या चाकासारखे सहज काढता येऊ लागले, आणि दोन्ही चाके सारखीच असल्यामुळे एक स्टेपनी दोहोंना पुरू लागली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून परवान्याने ही गाडी होऊ लागली, आणि परवान्याची मुदत सरल्यावर १९७२ मध्ये तिचीच वारसदार ‘चेतक’ आली, जिच्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक चेतकचे इंजिन फुटपाथवर उतरवू शके. येथे जे वाचले ते कारखानदाराचेही वाचले आणि मालकाचेही.

अशाच एका स्कूटरवर पावसात भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो लोकांसमोर आली तेव्हा तिच्यातील काटकसरीची चर्चा सर्वत्र झाली: मागे ठेवलेले ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन, काचेवर एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट. ह्यांपैकी बहुतेक गोष्टींत मला तर अभियंत्यांची बुद्धीच दिसते. गाडी हलकी, तिच्या चाकाला तीन नट पुरतात तर चौथा कशाला? एक वायपर तर काही मर्सिडीज गाड्यांनाही होता आणि त्यांना कोणी दरिद्री म्हटले नाही. परंतु सामान ठेवण्यासाठी मागून उघडणारे दारच आरंभीच्या नॅनोला नव्हते. मागची बैठक वाकवून, आतून हात घालून पिशवी ठेवावी लागे. तीन नट मालकाला कधी आठवतही नाहीत. नसलेले दार त्याला मंडईतून परतताना प्रत्येक वेळी आठवते, आणि शेजाऱ्यालाही दिसते. ते दार पुढे २०१५ साली दिले गेले, पण तोवर ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का गाडीवर पक्का बसला होता, आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नॅनोच्या अपयशाला सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागण्यापासून अनेक कारणे होती, आणि एका दारावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. तरीही जो भाग गेल्याचे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि जो गेल्याचे त्याला रोज कळते, ह्या दोहोंतील अंतर बूथरॉइड-ड्यूहर्स्टांच्या तीन प्रश्नांत कोठेच मोजले जात नाही. चौथा प्रश्न आराखडा काढणाऱ्याने स्वतःच विचारावा लागतो.

आपल्याकडे हा विषय परका नाही. १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी; रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्यामुळे ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. लोखंडाने जमीन विषारी होईल ह्या शेतकऱ्यांच्या समजुतीशी त्यांना झगडावे लागले, ती हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पण रेघ ओढणारा हात आणि भट्टीशी उभा राहणारा हात एकाच माणसाचा होता, ह्या गोष्टीचे मोल मला अधिक वाटते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली तेव्हा तेथे निघणारे जिन्नस ज्याने योजले त्यालाच ते ओतून, घासून, शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन विकावयाचे होते. चुकीच्या रेघेची शिक्षा त्याला लगेच मिळे.

आज ते दोन हात एकमेकांपासून फार दूर गेले आहेत. भोसरी, सातपूर, वाळूज अथवा शिरोली येथल्या लहान कारखानदाराकडे मोठ्या कंपनीचा आराखडा येतो तो मंजूर होऊन, शिक्का बसून येतो; त्यासोबत दराची विचारणा असते, आणि दर उतरवण्यासाठी फोनवर फोन असतात, परंतु ह्या कोपऱ्याची गोलाई थोडी वाढवली तर चालेल काय, हे दोन बोल्ट एकाच मापाचे केले तर काय बिघडेल, असे विचारण्याची जागा त्या कागदावर कोठेही नसते. दहा-वीस वर्षे लेथवर काढलेल्या टर्नरला आराखडा पाहताक्षणी कळते की येथे पैसे वाया चालले आहेत. तो ते सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही, आणि न विचारता सांगितले तर आपला आराखडा नाकारला असा अर्थ लावला जातो. मग खरेदी-खाते त्याच्या मजुरीतून दोन रुपये कापून आपण काटकसर केल्याचा अहवाल वर पाठवते, आणि रेघेतले दहा रुपये जागच्या जागी राहतात.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या चालकांना आणि कंपन्यांच्या आराखडा-विभागांना एवढीच विनंती आहे: विद्यार्थ्याला ड्रॉइंगचे गुण देण्यापूर्वी त्याने काढलेला एक तरी भाग त्याच्या स्वतःच्या हातून यंत्रावर करवून घ्यावा, आणि कोणत्याही आराखड्यावर अखेरची सही होण्याआधी तो कागद, ती वस्तू जो माणूस घडवणार आहे त्याच्यापुढे ठेवून, चहा मागवून, तो काय म्हणतो ते तासभर लिहून घ्यावे.